संघ एक, खेळाडू अकरा : क्रियापदाने कोणाचं ऐकायचं?

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. चाचणीत तिने 'द टीम आर प्रॅक्टिसिंग' असं लिहिलं. बाईंनी 'आर' खोडून 'इज' केलं आणि अर्धा गुण कापला. मुलीचं म्हणणं असं, की टीव्हीवरचे समालोचक 'इंडिया आर टू हंड्रेड फॉर फोर' असंच म्हणतात, मग ते सगळे चुकतात का? मला उत्तर देता आलं नाही. आणखी एक. आमच्या गावात दरवर्षी तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. आम्ही 'पालखी आली' म्हणतो आणि 'वारकरी आले' असंही म्हणतो. माणसं तीच. मग मराठीत याला काही नियम आहे, की तोंडाला येईल ते?
– एक पालक, लोणी काळभोर

उत्तर : आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. शाळेच्या वहीत 'द टीम इज प्रॅक्टिसिंग' हे बिनधोक उत्तर. पण 'द टीम आर प्रॅक्टिसिंग' हे अशुद्ध इंग्रजी नव्हे. ब्रिटिश इंग्रजीत ते राजरोस चालतं. म्हणजे बाईंनी बिनधोक वाट दाखवली, समालोचकही बरोबर, आणि मुलीने कानावर पडलं ते लिहिलं. अर्धा गुण परत मिळेल असं नाही, पण 'तुझं चुकलं' असं तिला सांगू नका.

आता कारणं. टीम, कमिटी, फॅमिली, क्राउड, गव्हर्नमेंट, ज्यूरी हे शब्द दिसायला एकवचनी, पण आत माणसं अनेक. इथे 'इज' घ्यायचं की 'आर', हे ठरवताना ब्रिटिश माणूस कधी शब्दाकडे पाहतो, तर कधी शब्दाच्या आतल्या माणसांकडे. 'द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट' : अहवाल एक, शिक्का एक, म्हणून 'हॅज'. 'द कमिटी आर डिव्हायडेड' : आत दोन तट पडलेत. एकटा माणूस स्वतःशी भांडून तट पाडत नाही, तेव्हा इथे सदस्य मोजले गेले आणि 'आर' आलं.

ही मोकळीक आजची नाही. लिंडली मरे याचं इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कला छापलं गेलं आणि पुढे कित्येक दशकं शाळांतून शिकवलं गेलं. समूहवाचक नामापुढे क्रियापद एकवचनी किंवा अनेकवचनी, दोन्ही चालेल. बोलणाऱ्याच्या मनात एकपणा आहे की अनेकपणा ते पाहा, असा त्याचा नियम. १९२६ मध्ये फाउलरने इंग्रजी वापरावरच्या आपल्या प्रसिद्ध कोशात हीच सूट कायम ठेवली आणि एक ताकीद जोडली : एकदा ठरवलंत की त्याच मजकुरात मध्येच पलटी मारू नका. 'द कमिटी हॅज' म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच ओळीत 'देअर' म्हणायचं, हे त्याला खपत नसे. पुढे १९८५ मध्ये व्याकरणकार क्वर्क आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी लिहिलेल्या जाडजूड व्याकरणात या दोन ओढींना वेगवेगळी नावं आहेत. एक ओढ शब्दाच्या रूपाची, दुसरी अर्थाची.

मरे जन्माने अमेरिकन होता, पेनसिल्व्हेनियातला. आज त्याच्या जन्मभूमीतच त्याने दिलेली सूट फारशी कुणी घेत नाही. अमेरिकेत टीम, कमिटी, गव्हर्नमेंट यांच्यापुढे 'इज' हाच रिवाज. त्या देशाच्या स्वतःच्या नावाचं उदाहरण घ्या. १७८७ च्या संविधानात देशद्रोहाची व्याख्या करताना 'युनायटेड स्टेट्स'साठी 'देम' हे सर्वनाम आहे, म्हणजे मनात अनेक संस्थानं होती. १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती झाली, तिच्यातही 'देअर'च आहे. आज कुणी 'द युनायटेड स्टेट्स आर' म्हणालं तर तिथला माणूस चमकून पाहील. शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा 'स' अजून लटकतो आहे, तरी क्रियापद एकवचनी झालं.

आपल्याकडचं इंग्रजी ब्रिटिश घराण्यातलं, आणि क्रिकेटचं इंग्रजी तर थेट तिथूनच आलेलं. म्हणून 'इंडिया आर', 'इंग्लंड हॅव', 'पाकिस्तान नीड'. इथे 'इंडिया' म्हणजे नकाशातला देश नव्हे, मैदानावरचे अकरा जण. तोच समालोचक पावसामुळे खेळ थांबल्यावर देशाबद्दल बोलू लागला तर 'इंडिया इज अ बिग कंट्री' म्हणतो. शब्द तोच, पण डोळ्यांसमोरचं चित्र बदललं.

याचा अस्सल पुणेरी नमुना गहुंज्याच्या मैदानावर घडला. आयपीएलमध्ये २०१६ साली पुण्याचा संघ उतरला तो 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' या नावाने. २०१७ चा हंगाम सुरू होण्याआधी मालकांनी शेवटचा 'स' काढून टाकला आणि संघ 'सुपरजायंट' झाला. अनेक महाबलींचा एकच महाबली. 'सुपरजायंट्स' होतं तोवर इंग्रजी लिहिणाऱ्याला अडचण नव्हती, नावच अनेकवचनी होतं. 'सुपरजायंट' झाल्यावर प्रश्न उभा राहिला, पण ब्रिटिश वळणाचा लेखक तेव्हाही 'आर' म्हणत राहू शकला. हेच मालक २०२२ मध्ये लखनौचा संघ घेऊन परत आले, तेव्हा नावात 'जायंट्स' पुन्हा अनेकवचनी होते.

या सगळ्याचा मराठी वाचकाला काडीचाही त्रास झाला नाही. २१ मे २०१७ च्या रात्री हैदराबादला अंतिम सामना झाला, एका धावेने निकाल लागला आणि मराठीत वाक्य झालं : मुंबई जिंकली, पुणे हरलं. मुंबई स्त्रीलिंगी म्हणून 'जिंकली', पुणे नपुंसकलिंगी म्हणून 'हरलं'. खेळणारे दोन्हीकडे पुरुष, दोन्हीकडे अकरा-अकरा. क्रियापदाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मराठीत नियम आहे आणि तो इंग्रजीपेक्षा कडक आहे. आपलं क्रियापद शब्दाचं लिंग आणि वचन पाहतं, शब्दाच्या आत किती माणसं आहेत ते पाहत नाही. संघ हरला, टीम हरली, मंडळ हरलं. तिन्ही वाक्यांत हरणारी पोरं तीच. सेना आली, सैन्य आलं, फौज आली, लष्कर आलं. जमाव पांगला, गर्दी पांगली, पब्लिक पांगलं. 'जनता' लाखोंची असली तरी 'जनता आली', 'जनता आल्या' कधीच नाही. उलट 'लोक' हा शब्द या अर्थाने कायम अनेकवचनी, म्हणून दोघेच आले तरी 'लोक आले'.

पालखीचंही तसंच. हडपसरला वाटा फुटतात. माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडला जाते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने तुमच्या गावी येते. 'पालखी आली' म्हणताना रथातली एकच पालखी शब्दात आहे, पण तुमच्या डोळ्यांसमोर रथापुढच्या आणि रथामागच्या साऱ्या दिंड्या आहेत. 'पालखी' स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणून 'आली'. 'दिंडी आली', 'वारी आली', 'सोहळा आला'. 'वारकरी' म्हटलंत की माणसं थेट वाक्यात आली, म्हणून 'आले'. दोन्ही वाक्यं एकाच रस्त्यावरची आहेत. पहिल्यात तुम्ही समूहाचं नाव घेतलं, दुसऱ्यात माणसांचं. क्रियापद निमूटपणे नावामागे गेलं.

मग मराठी माणसाला समूहातली माणसं वेगवेगळी दाखवायची असली तर तो काय करतो? इंग्रज क्रियापद बदलतो, आपण कर्ता बदलतो. 'द कमिटी आर डिव्हायडेड' याचं मराठी 'समिती विभागले आहेत' असं होऊच शकत नाही. आपण म्हणतो, 'समितीतल्या सदस्यांत एकमत नाही' किंवा 'समितीत दोन तट पडलेत'. 'द फॅमिली आर ऑल वेल' याचं मराठी 'घरातले सगळे बरे आहेत'. दिंडी मुक्कामी पोहोचते तोवर 'दिंडी आली'. नंतर जो तो विसाव्याची जागा शोधू लागला की 'दिंडीतले वारकरी आपापल्या तंबूत गेले'. 'दिंडी आपापल्या तंबूत गेली' असं कुणाच्याही तोंडून निघणार नाही.

यातूनच मुलीला एक कसोटी देता येईल, आणि ती पाठ करावी लागत नाही. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ते मनात मराठीत म्हणून पाहायचं. नुसतं 'संघ' म्हणून भागत असेल तर इंग्रजीत 'इज'. 'संघातले' किंवा 'आपापले' म्हणावंसं वाटत असेल तर ब्रिटिश इंग्रजीत 'आर' शोभतं. 'संघ उद्या पुण्यात येतोय' : संघावर भागलं, 'द टीम इज अरायव्हिंग'. 'संघातले खेळाडू आपापले पॅड बांधतायत' : 'आपापले' आलं, 'द टीम आर पुटिंग ऑन देअर पॅड्स'. हे दुसरं वाक्य अमेरिकेतल्या मास्तरांनाही चालायला हवं असेल तर मराठीचीच युक्ती वापरायची आणि कर्ता बदलायचा : 'द प्लेअर्स आर पुटिंग ऑन देअर पॅड्स'. यात कुठल्याच देशातल्या परीक्षकाला पेन उचलता येणार नाही.

काही शब्दांना मात्र इंग्रजीतही पर्याय नाही. 'पोलीस', 'पीपल' आणि 'कॅटल' यांच्यापुढे नेहमी 'आर'. 'फर्निचर', 'लगेज' आणि 'न्यूज' यांच्यापुढे नेहमी 'इज'. 'न्यूज'च्या शेवटी 'स' आहे म्हणून फसायचं नाही. आणि कुठे अडलंच तर भूतकाळाचा आसरा घ्यावा. 'द टीम प्लेड वेल' यात एक की अनेक हा प्रश्नच उठत नाही, कारण 'वॉज-वेअर' सोडलं तर इंग्रजी भूतकाळाला वचनाची फिकीर नसते. मराठीत बरोबर उलटं. आपल्या भूतकाळात 'गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या' असा लिंग-वचनाचा सगळा संसार मांडलेला असतो. 'विल', 'कॅन', 'शॅल' हेही असेच सोयीचे. भारतीय संविधानाच्या इंग्रजी मजकुरात मंत्रिपरिषदेची सामूहिक जबाबदारी सांगणारं पंचाहत्तरावं कलम आहे, तिथे क्रियापद 'शॅल'ने सुरू होतं. मंत्रिपरिषद एक की अनेक, हा वाद तिथे उभाच राहत नाही.

प्रश्न : 'अ ग्रुप ऑफ फार्मर्स हॅज कम' की 'हॅव कम'? इंटरनेटवर दोन्ही सापडतात. मराठीत असा घोटाळा का होत नाही?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, उरुळी कांचन

उत्तर : दोन्ही सापडतात कारण दोन्ही चालतात. 'ग्रुप' पाहिला तर 'हॅज', 'फार्मर्स' पाहिले तर 'हॅव'. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त चांगला आहे, त्याकडे वळू.

इंग्रजीत 'ग्रुप' आधी येतो, मग 'ऑफ', मग 'फार्मर्स' आणि त्याला लागून क्रियापद. म्हणजे क्रियापदाच्या शेजारी बसलेला शब्द अनेकवचनी आहे, आणि खरा कर्ता दोन घरं पलीकडे. शेजाऱ्याचा गुण लागतोच. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी १९९१ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना अर्धी वाक्यं देऊन पुरी करायला सांगितली. 'कपाटांची चावी' अशा धाटणीच्या कर्त्यात मधला शब्द अनेकवचनी असला, की इंग्रजी हीच मातृभाषा असलेली माणसंही 'इज'च्या जागी 'आर' म्हणून चुकत होती. मधला शब्द एकवचनी असला की चुका फारशा होत नव्हत्या.

मराठीत रचना उलटी. 'शेतकऱ्यांचा गट आला'. अनेकवचनी 'शेतकरी' आधी येऊन मागे पडले, 'गट' क्रियापदाला खेटून बसला. शिवाय मधला 'चा' नुसता जोडणारा नाही. 'शेतकऱ्यांचा' म्हणताच पुढे पुल्लिंगी एकवचनी काहीतरी येणार हे तुमच्या जिभेला कळलेलं असतं. 'शेतकऱ्यांची' म्हटलं असतं तर रांग, टोळी किंवा झुंबड आली असती. इंग्रजी 'ऑफ' असली कसलीच सूचना देत नाही. त्यामुळे 'शेतकऱ्यांचा गट आले' असं मराठी मूलही म्हणत नाही.

आपल्याकडेही एका ठिकाणी निवड करावी लागते, पण तीही रचनाच करून देते. तुमच्या भागात उसाच्या हंगामात ही दोन वाक्यं ऐकू येतील : 'उसाच्या चार ट्रॉल्या गेल्या' आणि 'चार ट्रॉल्या ऊस गेला'. पहिल्यात 'उसाच्या' म्हणून ऊस बाजूला केला, कर्ता ट्रॉल्या, म्हणून 'गेल्या'. दुसऱ्यात ट्रॉल्या हे फक्त माप, कर्ता ऊस, म्हणून 'गेला'. तसंच 'मेथीच्या दोन जुड्या आणल्या' आणि 'दोन जुड्या मेथी आणली'. माप सांगायचं की वस्तू, हे 'चा-ची-चे' असण्या-नसण्यावर ठरतं आणि क्रियापद त्याप्रमाणे वळतं.

हीच किल्ली इंग्रजीच्या एका नेहमीच्या प्रश्नाला लागते. 'अ नंबर ऑफ पीपल' याचं मराठी 'बरेच लोक', म्हणून 'हॅव कम'. 'द नंबर ऑफ पीपल' याचं मराठी 'लोकांची संख्या', म्हणून 'हॅज इन्क्रीज्ड'. स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न आला तर 'अ' आणि 'द' यांचे नियम आठवत बसू नका. मराठी करून पाहा, उत्तर समोर उभं राहील.

रकमेच्या बाबतीत मात्र सावध. इंग्रजीत 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ', रक्कम एक मानून एकवचन. मराठीत 'पाचशे रुपये पुरेसे आहेत' असं अनेकवचनच. इथे मराठीवरून इंग्रजीत जाऊ नका, फसाल.

प्रश्न : इंग्रजीत 'पोलीस आर' असं नेहमी अनेकवचन. आपण 'पोलीस आला' आणि 'पोलीस आले' दोन्ही म्हणतो. तसंच 'सरकार पडलं' म्हणतो, पण जुन्या सिनेमात नोकर 'सरकार आले' म्हणतो. हा काय प्रकार?
– एक वाचक, मांजरी

उत्तर : इंग्रजीत 'पोलीस' हे दलाचं नाव आहे. एका माणसाला ते लावत नाहीत, त्यासाठी 'पोलीसमन' किंवा 'पोलीस ऑफिसर' असा वेगळा शब्द लागतो. मराठीने तो शब्द उचलला आणि थेट माणसाला लावला. एक पोलीस, दोन पोलीस. अकारान्त पुल्लिंगी नामांचं अनेकवचनात रूप बदलत नाही, जसं एक दगड, दोन दगड. त्यामुळे एक की अनेक हे क्रियापदावरून कळतं : 'पोलीस आला' एक, 'पोलीस आले' अनेक. अख्खं दल म्हणायचं तर मराठीत वेगळी सोय करावी लागते : पोलीस दल, पोलीस खातं, आणि मग 'दल आलं', 'खातं हललं'.

पण इथे एक तिसरी शक्यता आहे, आणि ती इंग्रजीत मुळीच नाही. 'साहेब आले' म्हणताना साहेब एकच असतात. मराठीत अनेकवचनाकडे मोजण्याशिवाय मान देण्याचंही काम आहे. वडील आले, गुरुजी बसले, महाराज बोलले. 'सरकार'चा उलगडा इथेच होतो. शासन या अर्थी सरकार नपुंसकलिंगी एकवचनी : सरकार पडलं, सरकारने अध्यादेश काढला. संस्थानिक, जहागीरदार किंवा घरचा मालक या अर्थी तोच शब्द माणसाचा झाला, पुल्लिंगी झाला, वर मानाचं अनेकवचन आलं : सरकार आले, सरकार रागावले. शब्द न बदलता लिंग आणि वचन दोन्ही बदलून अर्थ बदलावा, असं उदाहरण सहसा सापडत नाही.

म्हणून मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना एक गोष्ट आधी स्पष्ट करावी. इंग्रजीत क्रियापदाचं अनेकवचन मान देण्यासाठी वापरत नाहीत. 'माय फादर आर' हे अनेक मुलं लिहितात. त्यात वडिलांबद्दलचा आदर मराठी आहे आणि शब्द इंग्रजी. ते खोडताना एवढं सांगितलं तर मूल पुन्हा चुकत नाही.

प्रश्न : 'मंडळी जमली आहे' की 'मंडळी जमली आहेत'? निमंत्रणपत्रिकेचा मजकूर करताना घरात वाद झाला.
– एक वाचक, यवत

उत्तर : वाद रास्त आहे. वर सगळीकडे मराठीचा नियम कडक असल्याचं सांगितलं, पण 'मंडळी' या शब्दापाशी तो ढिला पडतो.

कारण मराठी रूपांतच आहे. 'मंडळी' हा मुळात स्त्रीलिंगी एकवचनी समूहवाचक शब्द, 'टोळी' किंवा 'जोडी'सारखा. त्या हिशेबाने 'मंडळी जमली आहे' बरोबर. पण 'ही', 'सगळी', 'घरची', 'जमली' ही रूपं स्त्रीलिंगी एकवचनाची आहेत तशी नपुंसकलिंगी अनेकवचनाचीही आहेत. 'ही मुलगी आली', तसंच 'ही मुलं जमली', 'सगळी माणसं जमली'. त्यामुळे 'सगळी मंडळी जमली' हे वाक्य ऐकताना कानाला 'सगळी माणसं जमली' असंही ऐकू येतं. भूतकाळात दोन्ही अर्थ एकाच रूपात बसले, आणि पुढे 'आहे' की 'आहेत' म्हणायची वेळ आली तेव्हा बोलणाऱ्यांचे दोन पक्ष झाले. विभक्ती लागली की तर बहुतेक जण अनेकवचनच वापरतात : 'मंडळींनी', 'मंडळींना', 'मंडळींचा'. हाक मारतानाही 'मंडळी!' म्हणताना समोरची माणसंच मनात असतात.

तेव्हा इंग्रजी 'टीम'चं जे झालं ते मराठीत एकट्या 'मंडळी'चं झालं आहे. पत्रिकेत दोन्ही चालतील. ताकीद फाउलरचीच : वर 'मंडळी जमणार आहे' आणि खाली 'त्यांच्यासाठी भोजनाची व्यवस्था' असा घोळ नको. माझा सल्ला 'आहेत'चा, कारण पुढे सर्वनाम येतं ते 'त्यांना', 'त्यांनी' असंच येतं. जुन्या पिढीतल्या एखाद्या काकांनी 'आमची मंडळी माहेरी गेली आहे' म्हटलं तर मात्र तिथे एकवचनच ठेवा. ते एकट्या काकूंबद्दल बोलत असतात.

प्रश्न : मुलाला समूहदर्शक शब्द पाठ करायला दिलेत. भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड. हे पाठ करून फायदा काय? सगळ्याला 'ढीग' म्हटलं तर बिघडतं कुठे?
– एक आई, थेऊर

उत्तर : व्याकरण बिघडत नाही. क्रियापद 'ढीग'मागेही तितक्याच मुकाट्याने जाईल. पण माहिती हरवते.

इंग्रजीतही अशी लांबलचक यादी आहे आणि तीही मुलांकडून पाठ करून घेतात. सिंहांच्या कळपाला 'प्राइड' म्हणतात, हे पुष्कळांना ठाऊक असतं. ही यादी मुख्यतः 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या १४८६ मध्ये छापलेल्या पुस्तकामुळे पसरली. ते पुस्तक ससाणे पाळणं, शिकार आणि घराण्यांची मानचिन्हं यांच्याबद्दलचं, म्हणजे सरदार लोकांच्या शौकाचं. त्यात प्राण्यांच्या बरोबरीने माणसांच्या घोळक्यांची थट्टा करणारी नावंही आहेत. त्यातले कित्येक शब्द रोज कुणी वापरत नव्हतं, आजही वापरत नाही.

मराठी यादी स्वयंपाकघरातून, शेतातून आणि बाजारातून आली, आणि तिच्यातला शब्द नुसता 'पुष्कळ' असं म्हणत नाही, रचना कशी आहे ते सांगतो. चवड म्हणजे सपाट वस्तू नीट एकावर एक. चळतही तशीच, पण नाण्यांची, उंच आणि सरळ. उतरंड म्हणजे खाली मोठं मडकं, वर लहान, त्यावर आणखी लहान. थप्पी पोत्यांची, आडवी-उभी रचून लावलेली. रास धान्याची, खळ्यात ओतलेली, वर टोक आलेली. ढीग मात्र कसाही. 'भाकऱ्यांचा ढीग' म्हटलं तर वाढणाऱ्याने भाकऱ्या फेकल्या असं वाटतं.

तुमच्या परिसरात तर यातले शब्द पुस्तकाबाहेर भेटतील. उसाची मोळी : गव्हाणीत मोळी टाकूनच साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू करतात. कडब्याची पेंढी, गवताचा भारा, केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस. मंडईत कोथिंबिरीची कुणी जुडी म्हणेल, कुणी गड्डी. मुलाला जोड्या लावायला बसवण्याआधी एकदा आठवडी बाजारात न्या आणि दुकानदाराला त्याच्या मालाचा शब्द विचारायला सांगा. मग प्रत्येक शब्दाचं एक वाक्य करून घ्या, म्हणजे लिंगही पक्कं होईल : घड पिकला, जुडी सुकली. 'उतरंड' लिहायला घेतली की तो विचारेल, 'मडकी पाच आहेत, मग उतरंड कोसळली की कोसळल्या?' तेव्हा उत्तर एका वाक्यात द्या : मडकी कितीही असोत, उतरंड एक आहे, म्हणून कोसळली, फुटली मात्र मडकी.